टिटवीचे तीन स्वेटर

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या माणसांचाही बसला नाही. पण मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ह्या बाळांना तोलणारा, आणि वजनकाटाच खोटं बोलायला लागला तर जगात खरं बोलायचं कोणी? तेव्हा कान इकडे करा. आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या मुली, तू पाय हलवणं थांबव पाहू. बाक हलला की भिंत हलते, भिंत हलली की मी हलतो, आणि मी हललो की माझी सुई तासभर जागेवर येत नाही.

सुईला तसं जन्मापासूनच स्वस्थ बसवत नाही. मला घडवलं एका मोठ्या कारखान्यात. लोखंडी अंग, त्यावर पांढरा रंग, डोक्यावर बाळाला झोपवायचं पसरट पारडं आणि पोटावर काचेआड गोल तबकडी. शेवटच्या दिवशी तपासनीस आला. त्यानं माझ्यावर किलोचं पितळी वजन ठेवलं. सुई किलोच्या किंचित पुढे गेली. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, तरी सुई पुढेच. मग त्याला दिसलं की वजनावर माशी बसली आहे. त्यानं माशी हाकलली आणि सुई बरोबर किलोवर आली. "फारच चिकित्सक आहे हा," असं म्हणून त्यानं मला पास केलं.

तिथून मी थेट या दवाखान्यात आलो. तेव्हा मी असा कोपऱ्यात नव्हतो. आतल्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा होती. दर मंगळवारी बाळांचा दिवस. सकाळी आठपासून जिन्यापर्यंत रांग. किती बाळं तोलली याचा हिशेब विचारू नका, पण एका बाळानं पारड्यात इतकी जोरात शिंक दिली होती की सिस्टरला शिंकेआधीचं आणि शिंकेनंतरचं अशी दोन वजनं लिहावी लागली. जुळ्यांची एक जोडी यायची. एकाला पारड्यात ठेवलं की दुसऱ्याचं वजन रागानं वाढायचं. हसू नका, वहीत नोंद आहे.

पण माझी सुई कायम कुरकुरत असायची. त्याची दोन कारणं होती.

पहिलं कारण सिस्टरचा नियम. खोली थंड, रांग लांब आणि बाळांचे कपडे काढायचे म्हणजे रडारड. म्हणून सिस्टरनं ठरवून टाकलं होतं की बाळ कपड्यांसकट ठेवायचं आणि कपड्यांचे तीनशे ग्रॅम वजा करायचे. झबलं घातलेलं असो की लोकरीचा डगला, वजा तीनशेच. मी चिडून सुई हलवायचो. सिस्टर माझ्या पोटावर टिचकी मारायची. "ह्याला काय सुखानं उभं राहवत नाही," म्हणायची.

दुसरं कारण माझ्या टेबलाच्या खणात होतं. तिथं अर्जांचा गठ्ठा पडून होता. ज्या घरात खाण्याची ओढाताण असते, त्या घरातल्या आईला आणि पाच वर्षांखालच्या मुलांना दूध, अंडी, कडधान्य आणि फळं मिळावीत म्हणून सरकारनं काढलेल्या मदतीचे अर्ज होते ते. त्यांवर डॉक्टरची सही लागायची. गठ्ठा आला त्या दिवशी जेवढा होता, वर्षानंतरही तेवढाच होता. फक्त सगळ्यांत वरच्या अर्जावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता.

आमच्या डॉक्टरबाई वाईट होत्या असं समजू नका. चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा खोलीभर शोधणाऱ्या, हसऱ्या, हुशार बाई. पण दिवसाला साठ पोरं तपासायची म्हणजे मान वर करायला वेळ कुठला? त्या बाळाच्या वाढीचा तक्ता पाहायच्या. ठिपका वर गेला असेल तर "छान", खाली आला असेल तर "अहो, खायला घाला हिला". आणि हे 'खायला घाला' त्या इतक्या मायेनं सांगायच्या की कुठून घालायचं, हे विचारायचा धीर कोणाला व्हायचा नाही. फारच हडकुळं मूल दिसलं तर मदतीच्या कचेरीचा पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. कचेरी शहराच्या पलीकडच्या टोकाला, उघडी दहा ते चार. त्या चिठ्ठ्या मी पुढच्या मंगळवारी पाहायचो. कुणाच्या पदरात चुरगळलेल्या, कुणाच्या बाळाच्या मुठीत ओल्या.

अशात टिटवी आली.

खरं नाव काय होतं कोण जाणे. आवाज अंगापेक्षा मोठा, म्हणून सिस्टरनंच ते नाव पाडलं. तिची आई धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. हाताला वाफेनं भाजल्याचे डाग, काम आठ ते पाच, मंगळवारची अर्धी सुट्टी मागून यायची. टिटवीला पहिल्यांदा माझ्यावर ठेवलं तेव्हा मी दचकलो. बाहेरून गुबगुबीत गाठोडं. आत स्वेटर, स्वेटरखाली स्वेटर, त्याखाली आणखी एक स्वेटर, डोक्याला टोपी, पायाला दुहेरी मोजे. उन्हाळा होता, मित्रांनो. माझ्या पारड्याला लोकर आणि मूल यांतला फरक कळतो. खाली मूल होतं ते मुठीएवढं.

सिस्टरनं लिहिलं, वजा तीनशे. ठिपका वर गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान."

का असं करायची ती आई? रांगेत शेजारच्या बाईशी ती कुजबुजली तेव्हा मी ऐकलं.

"वजन कमी भरलं की आईचं नाव लिहून घेतात म्हणे," ती म्हणाली. "मग घरी माणसं येतात. मूल नीट सांभाळत नाही म्हणून घेऊन जातात."

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या जावेनं."

"तुझी जाऊ काय डॉक्टर आहे का गं?"

"डॉक्टर नाही, पण तिला सगळं माहीत असतं."

दोघी हसल्या, पण टिटवीच्या आईचा हात हसत नव्हता. तो सारखा वरच्या स्वेटरच्या बटणाशी चाळा करत होता. बटण काढायची, परत लावायची. काढायची, परत लावायची. मंगळवारमागून मंगळवार मी तेच पाहत होतो, आणि दर वेळी त्या गाठोड्यातलं मूल वयाच्या मानानं हलकं होत चाललं होतं. आधी टिटवीच्या रडण्यानं खिडकीची काच थरथरायची. नवव्या महिन्यात ती नुसती कुरकुरत होती. मी तोलायला बसलेला, मला बोलता येईना. सुई इकडे तिकडे फेकत होतो, पण माझं ऐकतो कोण?

आता विश्वास न बसण्याचा भाग आला.

त्या मंगळवारी टिटवीला पारड्यात ठेवलं आणि मी ठरवलं की आज हलायचं नाही. सुई शून्यावर रोवली. दातओठ खाऊन धरून ठेवली. सिस्टरनं टिचकी मारली. मी हललो नाही. तिनं थाप मारली, मी हललो नाही. ती म्हणाली, "बिघडला वाटतं." डॉक्टरबाई उठून आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या सुईनं उजवीकडे वळून बरोबर त्या स्वेटरच्या बटणाकडे बोट दाखवलं. हो, बोटच. डॉक्टरबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकेक करत तिन्ही स्वेटर उतरले, आणि मगच मी सुई सोडली. पाच किलो नऊशे. तो ठिपका मांडायला तक्त्याची दुमडलेली खालची पट्टी बोटानं उलगडावी लागली.

टिटवीच्या बरगड्या दिसत होत्या. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

डॉक्टरबाईंनी 'खायला घाला' म्हटलं नाही. त्या स्टूल ओढून आईसमोर बसल्या. "एक विचारू? महिना संपायच्या आत घरातलं खाणं संपतं का?"

आईनं उतरवलेला स्वेटर घडी करायला घेतला. "दुधाची पावडर जरा लांबवते मी," ती म्हणाली.

"लांबवते म्हणजे?"

"एका मापाला दुप्पट पाणी. पोट भरतं तिचं. झोपते."

"आणि तुम्ही काय खाता?"

"मला कारखान्यात चहा मिळतो."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून हातात धरला. "मुलीला कोणी नेणार नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. नऊ महिन्यांत मी तुम्हाला हे एकदाही विचारलं नाही." आणि मित्रांनो, त्यांनी माझ्या खालचा खण उघडला.

चहाचा गोल असलेला अर्ज टिटवीच्या नावे भरला गेला. दुसरा आईच्या नावे. "माझा कशाला? मी काय बाळ आहे का?" आई म्हणाली. "तुम्ही अंगावरही पाजता ना? मग तुमचाही हक्क आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुन्हा पत्त्याची चिठ्ठी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी तिथूनच कचेरीला फोन लावला. पलीकडून नुसतं संगीत. चाळीस मिनिटं फोन खांद्यात धरून त्या पुढची पोरं तपासत होत्या. एका पोराच्या छातीला त्यांनी फोनच लावला आणि "मोठा श्वास घे" असं नेमका तेव्हाच फोन उचललेल्या कचेरीतल्या साहेबाला सांगितलं. तो बिचारा घ्यायला लागला. पण काम झालं. आईनं कामाचा दिवस मोडून कुठे जायला नको, कार्ड दवाखान्यातच येईल, असं ठरलं.

तोवर पुरेल एवढी पावडर डॉक्टरबाईंनी कपाटातून काढून दिली, आणि माप कसं घ्यायचं ते दोनदा करून दाखवलं.

मग पुढचा मंगळवार आला आणि टिटवी आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. कार्ड येऊन खणात पडलं होतं. मला काही सुचेना. कुठलंही बाळ ठेवलं तरी सुई एका आकड्यावर टिकेना. जाऊबाईंनी पुन्हा काही कानात घातलं असेल का? मूल बरं असेल ना? सिस्टर दर पाच मिनिटांनी जिन्यात डोकावत होती, आणि ती चहासाठी डोकावत नव्हती. शेवटी दुपारी डॉक्टरबाईंनी तिला कार्ड देऊन धुलाईच्या कारखान्याच्या दारात पाठवलं. सुट्टी मिळत नव्हती, एवढंच होतं ते. आईनं वाफेनं ओलसर हातांनी कार्ड घेतलं, म्हणे, आणि दोन्ही बाजूंनी पाहिलं.

महिन्याभरानं टिटवी आली. एक झबलं, बाकी काही नाही. सिस्टरनं तेही काढलं. सहा किलो पाचशे. टिटवीनं असा सूर लावला की माझी काच तडकली. ही पाहा, अजून तडा आहे.

त्या दिवसापासून तीनशे ग्रॅमचा नियम गेला आणि डॉक्टरबाईंना नवी सवय लागली. प्रत्येक आईला तो प्रश्न विचारायचाच, मूल गुबगुबीत असो की हडकुळं. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं, महिना संपायच्या आत खाणं संपतं का. तो म्हणाला, "बाई, पंखा दुरुस्त करू की रडू?" त्याच्या घरी तीन लहान मुलं निघाली. अर्जांचे गठ्ठे आता महिन्याला दोन लागतात.

आणि मी? टेबलावर आता लाल आकड्यांची चपटी पेटी आली आहे. मला इथं बाहेर आणून ठेवलं. माझ्या पारड्यात लोक ओल्या छत्र्या ठेवतात. सुईला तेल नाही, काच तशीच तडकलेली. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. एका मुलीचा जीव वाचला तो माझ्या हट्टामुळे. मी सुई रोवून बसलो नसतो, बटणाकडे बोट दाखवलं नसतं, तर...

"खोटं."

बाकाच्या टोकावरचे पाय थांबले. ती मुलगी साताठ वर्षांची असेल. शेजारी तिची आई नुसतं झबलं घातलेल्या धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती, हाताला वाफेचे जुने डाग.

"सुई-बिई काही अडकली नव्हती," मुलगी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आईनं स्वतःच माझे स्वेटर काढले. तिन्ही. आणि म्हणाली, आता तोला."