अफीच्या कागदावरचा शिक्का

मी एक लाकडी शिक्का बोलतोय. तळाला रबर, त्यावर एकच जर्मन शब्द, 'एरलेडिग्ट'. म्हणजे निकाली. ऐकायला किती छान! पण मी आयुष्यात काहीच निकाली काढलेलं नाही, फक्त माणसांची तोंडं बंद केली.

जन्म जर्मनीतल्या कोलोन शहरातला. मिशनऱ्यांच्या सामानातून बोटीने आफ्रिकेत टोगोला गेलो. तेव्हा तिथे जर्मनीचं राज्य होतं. शाळा चालवणारे फादर योहान्नेस माझे मालक. तिथल्या सरकारी अधिकाऱ्याने अफी नावाच्या बाईच्या मुलाला चाबकाने मारता मारता त्याचा जीव घेतला. अफीने सांगितलं, फादरांनी लिहून घेतलं, तिने खाली अंगठा उमटवला. अशाच आणखी कितीतरी जणांच्या तक्रारींबरोबर तीही गेली. अधिकारी म्हणाला, पाद्री लोकांना भडकवतात. भांडण बर्लिनपर्यंत पोचलं. चर्च आणि सरकार, दोघंही हट्टाला पेटले.

मग दोघांनी तडजोड केली. मिशनला नव्या शाळांची परवानगी, अधिकाऱ्याची बदली, आणि सगळ्या तक्रारी मागे. फादरांनी मला शाईत टेकवून एकेका कागदावर दाबलं. अफीचा कागद शेवटी आला. त्यांनी मान वळवून मला दाबलं. मी मात्र ठसठशीत उमटलो, नेमका तिच्या अंगठ्यावर. माझं मन मला अजून खातं.

आता मी जर्मनीत, मिशनच्या दफ्तरखान्यात असतो. मूळच्या पुण्याच्या मालिनीताई इथले कागद सांभाळतात. पीएचडी करणारी स्वराली त्यांना मदत करते. जागा कमी पडली, तेव्हा ताईंनीच नियम केला: माझा ठसा असलेले कागद स्कॅन न करता श्रेडरमध्ये.

परवा अफीचा कागद स्वरालीच्या हातात आला.

"ताई, हा नको ना टाकायला. कुणाची तरी आई बोलतेय यात."

"अगं, शिक्का दिसतोय ना? एरलेडिग्ट. आल्झो, तर मग श्रेडर."

"पण निकाल काय लागला, ते कुठेच नाहीये."

ताईंनी चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्चीत बसल्या.

"सकाळपासून अशी तीन खोकी श्रेडरमध्ये घातली गं मी," त्या म्हणाल्या. "एक कागद वाचला नाही."

ताई, दोष तुमच्या आधी माझा. त्या खोक्यांत कोजो होता, त्याचा हात मोडला होता. अकू होती, तिचं घर जाळलं होतं. आणखीही खूप जण होते. त्यांची नावं मला सांगता येत नाहीत, कारण त्यांचे कागद वाचायला मीही कधी थांबलो नाही.