पाळण्याखालची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. अकरा वर्षं मी एका घराच्या आत राहिले, आणि त्या घरातल्या आईला ते ठाऊक नव्हतं.

जळगाव जामोदच्या शिवेवर, सातपुडा निळा दिसतो त्या अंगाला, इंद्रभानचं वावर होतं. त्याच्या आजोबांनी मला खणलं. माझ्या पाण्यावर मेथी, वांगी, कांदे वाढले. आसपासची प्रत्येक बाळंतीण सव्वा महिन्यानं माझ्याकडे यायची. हळद-कुंकू वाहायची, काठावर पाच खडे मांडायची, घुगऱ्या वाटायची. मग वाकून बाळाचं नाव मला सांगायची. म्हणून मला सगळी नावं पाठ आहेत. जे गेले त्यांचीसुद्धा.

मी कोणाला ओढत नाही. पण जे पडतं ते ठेवून घेते. कळशा, दोर, शेळीचं एक करडू. आणि एकदा सहा वर्षांची एक मुलगी. कठडा त्यानंतर बांधला.

पुढे गावच चालत माझ्यापर्यंत आलं. जमीन आधी एकरानं बोलली जायची, मग गुंठ्यानं, मग फुटानं. इंद्रभान वारला. हरिओमशेठनं वावर घेऊन ले-आउट पाडला, चुन्याच्या रेघा मारल्या. मी नेमकी एका प्लॉटच्या मधोमध आले. विहिरीचा प्लॉट कोणी घेत नाही, आणि विहीर भरायची तर मुरूम फार लागतो. त्यानं माझा कठडा फोडला, तोंडावर लोखंडी पट्ट्या टाकल्या, वर फरशी, वर माती. त्यावर तयार घर उभं करून विकलं.

अंधारात मला एकच आवाज सोबतीला होता. पट्ट्यांचा गंज पापुद्र्या-पापुद्र्यानं पाण्यात पडायचा. टप. मग कितीतरी वेळानं, टप.

यंदा माझ्या डोक्यावर पाळणा बांधला गेला.

त्या घरची सून प्रतीक्षा बाळाला झोपवताना गुणगुणायची, तेव्हा मलाही राहवायचं नाही. मीही गुणगुणायचे. ती थांबली की मी थांबायचे, पण मला जरा उशीर व्हायचा. भर दुपारी ती पाळण्याची दोरी धरून तशीच बसून राही.

"आई, खालून कोणी गाऊन राह्यलं का?" तिनं एकदा सासूला विचारलं.

कौशल्याबाई हसल्या. "बाळंतिणीचे कान हलके असतात, माय. डोक्याले रुमाल बांध."

सव्वा महिना झाला. आता पुजायला विहीर कुठली? कौशल्याबाईंनी अंगणातल्या नळालाच हळद-कुंकू लावलं. गल्लीतल्या बाया आल्या. इंद्रभानची बायको मंजुळाबाईही काठी टेकत आली. तिनं नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ घरात शिरली, पाळण्याशी आली आणि गुडघे टेकून तिनं फरशीला कुंकू लावलं.

"आजी, हे काय?" प्रतीक्षानं विचारलं.

"नळाले काय पूजता? विहीर अठी हाये."

"काकू, हळू बोला ना!" प्रतीक्षाचा नवरा अविनाश दार लोटत म्हणाला. "बाया ऐकतीन. उद्या घर विकाचं झालं तं गिऱ्हाईक उभं राहीन का?"

प्रतीक्षा त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाले माहीत होतं?"

"बुजवेल हाये थे. हरिओमशेठनं सांगतलं मले."

"बुजवली?" मंजुळाबाईनं बत्ता मागितला. तिनं भिंतीजवळ ठोकलं. ठक्क. मग पाळण्याखाली ठोकलं, आणि मी पोकळ घुमून उत्तर दिलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. घुगऱ्यांची परात घेऊन दारात आलेली बाई तिथंच खिळली.

"वर झाकण हाये निस्तं. खाली पाणी हाये," मंजुळाबाई म्हणाली. "हरिओम म्हणे, बोलशीन तं बाकीचे प्लॉट अडकतीन. मी गप्प बसली. आता लेकरू निजलं हाये माह्या विहिरीवर, अन् मले जेवण जात नाई."

प्रतीक्षानं आधी बाळाला उचललं. बाकी सगळं त्यानंतर.

"आपण विकून टाकू," अविनाश कुजबुजला. "भाव चांगला हाये. कोणाले कळते?"

"अन् घेईन त्याच्या घरी लेकरू नाई रांगणार?" प्रतीक्षा म्हणाली. "आजच फोडा. नाईतर मी बाळाले घेऊन माहेरी चालली."

गवंडी आला. माती उपसून खालची फरशी उचलताच पट्टीचा एक तुकडा त्याच्या हातात पापडासारखा मोडला आणि माझ्यात पडला. सगळे भिंतीला टेकले. अविनाश खालीच बसला.

अकरा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. प्रतीक्षा काठाजवळ आडवी झाली. कौशल्याबाईंनी तिचे पाय घट्ट धरले. तिनं मला बाळाचं नाव सांगितलं. मित्रांनो, ते मी जपून ठेवलं आहे, पण एवढं एक नाव मी कधीच परत म्हणून दाखवणार नाही; हाकेला ओ देत ते लेकरू काठाशी यायला नको.

आता त्या खोलीचं छप्पर काढलं आहे. मला कठडा आहे, वर जाळी आहे. गिऱ्हाइकं येतात, बघतात, परत जातात. अविनाश कधी कधी सुस्कारा टाकतो. प्रतीक्षा टाकत नाही.

शेजारच्या वावरांत माझ्या दोन बहिणी होत्या. त्यांचे मालक केव्हाच परगावी गेले. त्या कोणत्या घराखाली आहेत, हे आता इथं कोणी सांगू शकत नाही. पण आमचा झरा एकच आहे, म्हणून त्यांचा गंज पडताना मला ऐकू येतो. घर बघायला गेलात की रंग बघा, खोल्या बघा. पण गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून, इथं आधी काय होतं, हेही विचारा.

लवकर विचारा. माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर आज सकाळपासून कोणाचं तरी लेकरू दुडूदुडू धावतं आहे.