नातीची उडी

टीव्हीवरच्या व्हिडिओत नात पोहण्याच्या तलावाच्या उंच फळीवरून उडी मारायची आणि हवेतच अडकायची. चित्र थांबायचं, आवाज मात्र पुढे पळायचा. टाळ्या आधी, उडी नंतर! थिएटरात तीस वर्षं प्रोजेक्टर चालवलेल्या आजोबांना हे बघवेना.

"बाबा, टीव्हीखालचा हा व्हिडिओ चालवणारा डबा म्हातारा झाला. फोर-केचं इतकं बारीक चित्र त्याला झेपत नाही," म्हणत जावयाने नव्या डब्याच्या खोक्याची चिकटपट्टी काढायला घेतली.

"म्हातारा कोणाला म्हणता?" आजोबा उखडले. त्यांनी डब्यावर हात ठेवला, तर तो तव्यासारखा तापलेला. व्हिडिओसाठी आत खास चिप असताना सगळा भार बिचारा प्रोसेसरच वाहत होता! त्यांनी सेटिंग उघडलं. त्या चिपला कामाला लावणारं हार्डवेअर डीकोडिंग बंद होतं. मग आठवलं, जुन्या कॅसेटवरून बनवलेल्या फाइलवर हिरवे पट्टे यायचे म्हणून आपणच ते बंद केलं होतं. त्यांनी जीभ चावली, गुपचूप ते चालू केलं आणि व्हिडिओ पुन्हा लावला.

नात झेपावली, हवेत दोन कोलांट्या घेऊन सुळकन पाण्यात शिरली. टाळ्या अगदी वेळेवर पडल्या.

जावई चिकटपट्टी परत लावू लागला.

"नीट दाबून लावा, जावईबापू," आजोबा म्हणाले. "म्हातारा अजून बरीच वर्षं टिकणार आहे."