सेकंदाला अकरा चित्रं

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर मी शत्रूला कधी येताना पाहिलं नव्हतं. आधी मला गोळी लागायची, मग मी पडायचो, आणि सगळं उरकल्यावर शत्रू कोपऱ्यातून यायचा. इतरांकडे हा गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणून त्यांना माणसं धावताना दिसतात. आमच्याकडे अकरा. आमच्याकडे माणसं फोटोंच्या अल्बमसारखी दिसायची. इथे उभा, मग तिथे उभा, मग मी मेलेला.

आमच्या टीमचा कॅप्टन दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतो. बोलताना मात्र दातओठ खात बोलतो.

"अरे ढाल, चार जणांची टीम आहे आपली. तिघं खेळतात आणि चौथ्याला उचलून न्यावं लागतं. पुढच्या रविवारी चार वाजता निवडीचा सामना. तोवर मशीन सुधारलं तर तू, नाहीतर माझा मेहुणा. तो सायबर कॅफेत बसून खेळेल."

ढाल म्हणजे मी. सगळ्या गोळ्या मलाच लागतात म्हणून. नाव काही फार मानाचं नाही, पण आठवड्यात माझ्याशी आपणहून बोलणारी माणसं तीनच होती, आणि ती तिन्ही त्या टीममध्ये होती.

कॉम्प्युटर बाबांनी तयार विकत आणलेला. ऑफिसात टेबलाखाली असतो तसला, बुटांच्या खोक्यापेक्षा जरासा मोठा. मी बाबांना दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने खोकं उघडून आत असं पाहिलं, जसं डॉक्टर फार उशिरा आणलेल्या पेशंटकडे पाहतो.

"काका, चित्रं पळवायला ग्राफिक्स कार्ड लागतं, पण मोठं यात मावणार नाही. पॉवर सप्लायपण कंपनीचा खास आहे, दुसरा बसत नाही. हे छोटं न्या. एकच पंखा, वेगळी वायर नको. मशीन नुसतं उडेल बघा."

बाबा दचकले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या कामात काहीही उडालेलं चालत नाही.

घरी आल्यावर त्यांनी मेन स्विच बंद केला, खोलीच्या दाराला 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली आणि हेल्मेट घातलं. एवढ्यात आई आली. आई एका ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. सव्वीस वर्षांत तिथून एकही फाईल हरवलेली नाही, कारण तिचा नियमच एक आहे: वस्तू जिथून निघाली तिथेच परत जाते. तिने कॉम्प्युटरच्या सातही वायरींना नंबराचे स्टिकर लावले, आणि वायर ज्या भोकातून निघाली त्या भोकालाही तोच नंबर. मग वहीत नोंद केली आणि बाबांची सही घेतली.

कार्ड टक्‌ करून बसलं. वायरी परत लावायची वेळ आली. नव्या कार्डाच्या पाठीला तीन चकचकीत, रिकामी भोकं होती.

"आई, ही कशाला असतील?"

"नंबर आहे त्यांना?"

"नाही."

"मग ती आपली नाहीत."

बाबांनी मान डोलावली. माझं सगळं ज्ञान व्हिडिओ बघून आलेलं होतं, आणि व्हिडिओतल्या पोरांच्या घरी आई दिसत नव्हती. एक वायर एकमध्ये, दोन दोनमध्ये, पडद्याची तीन नंबरची वायर तीनमध्ये गेली. मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या आणि बाबांनी लगेच एंटर दाबला.

"बाबा, वाचू तरी द्या!"

"वाचत बसलं की ते आणखी काहीतरी विचारतं."

गेम लावला. अकरा.

सोमवारी दुकानदार म्हणाला, मेमरी कमी पडत असेल. मेमरी आणली, सात वायरी काढल्या, सात लावल्या, सही, एंटर. अकरा. बुधवारी तो म्हणाला, जुनी डिस्क रडत असेल. नवी डिस्क आणली. मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू होऊ लागलं आणि मी पूर्वीपेक्षा अर्धा मिनिट आधी मरू लागलो. अकराच.

शुक्रवारी बाबांनी दुकानदाराचा नाद सोडला आणि स्वतःचं डोकं चालवलं.

"आत वजन फार झालंय."

"बाबा, कॉम्प्युटरमध्ये वजन नसतं."

"माणसं कोंबली की लिफ्टपण अडखळते. शिकवू नकोस."

मग मी माझ्या मावसभावाच्या लग्नाचे चारशे फोटो उडवले. त्यात नवरी फक्त साठांत होती, त्यामुळे फार कोणाचं नुकसान झालं नाही. तरी अकरा. शनिवारी बाबांनी खोक्यावर पाण्याची लेव्हल ठेवली, बुडबुडा डावीकडे सरकलेला पाहून "सापडलं!" म्हणाले आणि एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. बुडबुडा मधोमध आला. आईने बुडबुड्याचीही नोंद केली.

अकरा. पण आता सरळ अकरा.

रविवारी पावणेचारला मी हात टेकले. शेवटचा उपाय म्हणून सात वायरी काढून, पुसून, परत लावल्या. मशीन चालू केलं आणि त्याच क्षणी बाबा बाथरूमला गेले. त्यामुळे आठवड्यात पहिल्यांदाच त्या चार ओळी पडद्यावर टिकल्या. मी वाचल्या. 'पडद्याची वायर जुन्या जागी लावलेली आहे. ती नव्या कार्डाला लावा.'

सात दिवस मशीन हात जोडून सांगत होतं आणि आम्ही त्याच्या तोंडावर दार लावत होतो.

मी तीन नंबरची वायर उपसली.

"तीन नंबर कुठे नेतोस?" आई दारातून ओरडली.

"नव्या जागी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं, पण वायर काढल्यामुळे पडदा काळा झाला होता. वायर परत लावली. आईने चष्मा लावून चारही ओळी दोनदा वाचल्या.

"लेखी आहे," ती नाइलाजाने म्हणाली. "ने."

शहाण्णव.

सामना सुरू झाला. मी पहिल्यांदाच शत्रू बघितला. त्याला दाढी होती. कमरेला बाटली होती. त्याच्या पायाखालचं गवत एकेक पातं हलत होतं. मी गवत बघत राहिलो आणि त्याने मला मारलं. दुसऱ्यांदा तो लांबून, अगदी सावकाश येताना दिसला. मी चुकीचं बटण दाबून खाली बसलो.

"तो समोरून येतोय," मागून बाबा.

"दिसतोय."

"मग मार की!"

"दिसतोय ना, बाबा!"

तिसऱ्यांदा मी हातबॉम्ब टाकला. तो कॅप्टनला लागला. अकरा चित्रांत माझं प्रत्येक मरण मशीनच्या नावावर जात होतं. शहाण्णव चित्रांत ते माझं एकट्याचं होतं, आणि अतिशय सुस्पष्ट.

सामना आम्ही कसाबसा जिंकलो, तिघांच्या जोरावर.

"ढाल," स्पीकरवर कॅप्टन म्हणाला, "मशीन काय झालंय रे! तू पडदा शेअर केलास, डोळ्यांचं पारणं फिटलं."

"मग मी राहिलो?"

"तेच बोलायचंय. कॅफेत शेजारची पोरं मेहुण्याच्या कोपराला धक्के मारतात. रविवारी चार ते सहा तो तुझ्याकडे बसला तर?"

"आणि मी?"

"अरे, तू टीममध्येच! तू नसलास तर मशीन चालू कोण करणार?"

मागे बाबांनी आईशी हात मिळवला. "निवड झाली आपली," ते म्हणाले.

नाही म्हणता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. मग हिशेब केला की नाही म्हटलं तर बोलणारं कोणीच उरणार नाही, आणि हो म्हटलं तर चार जण होतील. हो म्हणालो.

पुढच्या रविवारी मेहुणा चारला दहा कमी असताना आला. उंचापुरा, अबोल माणूस. बूट काढून बाहेर ठेवले, आईबाबांना नमस्कार केला, माझ्या खुर्चीत बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "ही जरा वर होते का?"

मी खाली वाकून दांडी ओढली.

"बास?"

"अजून थोडी."