पट्टा सैल करताना

माझं काम गाडी चालवण्याचं. लढाईच्या आघाडीजवळून जखमींना उचलायचं आणि तळघरातल्या आमच्या दवाखान्यात आणायचं. पण आभाळात ड्रोन इतके झाले की दिवसा गाडी बाहेर काढायची सोय उरली नाही. आणि रिकामा बसलेला माणूस दवाखाना सांभाळणाऱ्या मेलानियाला बघवत नाही. म्हणून तिनं मला जखमी केलं.

म्हणजे असं, की नव्या शिपायांची तुकडी आली की मी गावच्या सभागृहातल्या थंडगार फरशीवर आडवा पडायचो. एकेकानं यायचं, माझ्या मांडीला रक्त थांबवायचा पट्टा बांधायचा आणि पायातली नाडी लागेनाशी होईपर्यंत त्याची दांडी पिळत न्यायची. संध्याकाळपर्यंत मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या. बायको फोनवर विचारायची, दिवस कसा गेला? मी सांगायचो, पुष्कळदा मेलो, आता जेवतोय.

मेलानिया लढाईआधी पोल्टावा शहरातल्या प्रसूतिगृहात भूल देणारी परिचारिका होती. आवाज चढवून ती कधी बोलत नसे. तेवढं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं. पट्टा बांधायला बहुतेकांना येत होतं. ती शिकवत होती सोडायला. पूर्वी जखमी माणूस तासाभरात सर्जनपुढे पोचायचा. आता तो खंदकात दोन-दोन, तीन-तीन दिवस पडून राहतो, आणि आवळलेला पाय तोवर मरून जातो. म्हणून पहिल्या दोन तासांतच जखमेत पट्टी ठासून भरायची, वरून घट्ट बांधायचं आणि मग दांडी हळूहळू उलटी फिरवायची. रक्त आलं तर पुन्हा आवळायचं. फार वेळ उलटून गेला असेल तर हातच लावायचा नाही.

त्या तुकडीत डेम्यान होता. पन्नाशी उलटलेला, गावाकडे शाळेचा बॉयलर सांभाळणारा. हात फावड्यासारखे, पण माझ्या मांडीला पट्टा बांधताना इतका हळुवार, की मला झोप यायची.

"डेम्यानकाका," मेलानिया म्हणाली, "बाळाला लंगोट बांधताय का? लाव्रिन कळवळला पाहिजे." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"का म्हणून, पोरी? त्यानं माझं काय वाकडं केलंय?"

सगळे हसले. तीही हसली. तिला हसताना मी बऱ्याच आठवड्यांनी पाहिलं.

आवळायला तो शेवटी शिकला. सोडायला मात्र तयार होईना. बांधलेलं फक्त डॉक्टरनं सोडायचं असं त्याला आधी कुणीतरी शिकवलं होतं, आणि तेच बरोबर असं त्याचं म्हणणं होतं. माझ्या हातून माणूस गेला तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू, असं विचारायचा. मेलानियानं वाद घातला नाही. बाकीचे जेवायला गेले तेव्हा तिनं त्याला थांबवून घेतलं आणि माझ्याच पायावर तेच तेच करून घेतलं. त्याला घाम फुटला होता. जेवणातली बकव्हीटच्या दाण्यांची खिचडी गार झाली. हात थरथरले तरी चालतील, क्रम चुकवू नका, एवढंच ती सांगत राहिली.

तुकडी आघाडीवर गेली. पुढे एका सकाळी खंदकातून उपग्रहाच्या इंटरनेटवरून फोन आला. मेलानिया रात्रभर कुणाच्या तरी फाटलेल्या पोटापाशी उभी राहून नुकतीच रिकाम्या खोक्यावर टेकली होती. फोन डेम्यानचा. तिनं तो स्पीकरवर टाकला, म्हणून शेजारी बसलेल्या मलाही ऐकू येत होतं. त्याच्याबरोबरचा यारेमा, पूर्वी जमीन मोजणारा सर्व्हेअर, त्याच्या मांडीत ड्रोनचा तुकडा घुसला होता. डेम्याननं पट्टा बांधला होता. न्यायला कधी येता, विचारत होता.

आभाळ स्वच्छ होतं, आणि ड्रोनना रात्रीही दिसतं. धुकं पडेपर्यंत कुणी जाऊ शकणार नव्हतं. मेलानियानं ते त्याला सांगितलं, मग विचारलं, बांधून किती वेळ झाला. तासाहून थोडा जास्त, तो म्हणाला.

"मग आता सोडायचा, काका."

पलीकडून यारेमाच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"तू लाव्रिनवर शिकवलंस," डेम्यान म्हणाला. "लाव्रिनला रक्त कुठं येत होतं?"

"ठाऊक आहे मला. मी फोन ठेवत नाही. पट्टी भरा."

त्यानं भरली. यारेमा शिव्या देत होता, आणि त्या ऐकून मेलानियाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. शिव्या देणाऱ्यात जीव असतो. वरची पट्टी बांधून झाल्यावर तिनं दांडी थोडीशी फिरवायला सांगितली. थांबायला सांगितलं. रक्त येतंय का?

"येतंय."

"घट्ट करा. पट्टी काढू नका, वरून दुसरी भरा. गुडघा टेकवून दाबा. काका, पूर्ण वजन टाका, त्याची कीव करू नका."

दुसऱ्या खेपेला तो श्वास रोखून बसला असावा, कारण मीही तसाच बसलो होतो. दांडी फिरली. थोडी आणखी. मग तो म्हणाला, पट्टी लाल आहे, पण पसरत नाही. मेलानियानं त्याला पट्टा सैल करून तिथंच ठेवायला सांगितलं आणि दर थोड्या वेळानं पायाच्या बोटांना हात लावून बघायला सांगितलं. नंतर तिनं भिंतीला डोकं टेकवलं.

प्रतिजैविकं आणि पाणी आमच्याच ड्रोननं खंदकात टाकलं. धुकं तिसऱ्या दिवशी उतरलं. दुरून चालवायची छोटी चाकगाडी यारेमाला पडक्या गोठ्यापर्यंत घेऊन आली, तिथून मी त्याला आणलं. खाचखळग्यांत तो एकदाही ओरडला नाही. डेम्यान रात्री अंगावरचा कोट काढून त्याच्या पायावर घालायचा, एवढंच दोनदा सांगितलं त्यानं. मेलानियानं मोजा कापला. पाऊल गार होतं, पण त्यात रक्त फिरत होतं. खार्किवच्या रुग्णालयातल्या सर्जननं नंतर कळवलं, पायाची दोन बोटं गेली, चाल थोडी फेंगडी राहील, पाय राहिला.

ते सांगायला तिनं लगेच खंदकात फोन लावला. उचलला दुसऱ्याच कुणीतरी. डेम्यान झोपलाय, तो म्हणाला, यारेमाला नेल्यापासून पहिल्यांदाच डोळा लागलाय त्याचा. उठवू का?

मेलानिया फोन कानाला लावूनच खोक्यावर टेकली.

"नको," ती म्हणाली. "झोपू दे त्यांना."