पिळलेल्या वाकळा

मागच्या दाराची कडी खळ्ळकन वाजली आणि दुपारच्या गपगार घरात पल्लवीच्या हातातली सुई बोटात शिरली. परसात तिची सासू, सुलाबाई, वाकळांचा, जाड गोधड्यांचा, ढीग टाकत होती.

घट बसायच्या आधी आष्ट्याकडच्या घराघरांतल्या वाकळा धुवायला कॅनॉलवर निघतात. या घरातल्या मात्र चार वर्षांत निघाल्या नव्हत्या. शेवटच्या खेपेला सुलाबाई आणि थोरली सून पूजा दोघी गेल्या, आणि परत आली ती एकटी सुलाबाई. ‘मी म्होरं गेले हुते, पूजा मागनं आली, पहिलीच वाकळ भिजवताना घसरली आन् वाहून गेली, मी माणसं बोलवाय पळाले,’ हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण शेजारच्या हरणाबाईनं काठावर पिळून ठेवलेल्या वाकळा बघितल्या होत्या. भिजलेली वाकळ उचलता उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्यावा, तेव्हा कुठं पाणी निघतं. पूजा आल्या आल्या पहिल्यालाच गेली, तर पिळलेल्या वाकळांचं दुसरं टोक कुणी धरलं? त्यात सासू-सुनेची भांडणं सगळ्या गल्लीला पाठ.

सांगलीच्या कोर्टात मात्र हे टिकलं नाही. पंचनाम्यात वाकळांचा उल्लेखच नव्हता, आणि उलटतपासणीत हरणाबाई ‘पिळल्यागत वाटल्या’ इथवर मागं सरली. ढकलताना बघितलेलं कुणी नाही, पुराव्याची साखळी जुळत नाही. सुलाबाई निर्दोष सुटली.

“कोर्टानं सोडलंय न्हवं?” पल्लवीचा नवरा मल्हार म्हणाला होता. “मग तू कोन मोठी जज लागून गेलीस?” आणि आईला घरी सोडून तो टेम्पो घेऊन गेला. तेव्हापासून पल्लवी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, शिवांजलीला, अंघोळीलासुद्धा सोबत नेत होती.

“पल्ले, चल की कॅनॉलला,” सुलाबाईनं हाक दिली. “पोरगीबी खेळंल पान्यात.”

“नको आत्ती. बोअरचं पानी हाय की. हितंच धुवा.”

सुलाबाईनं तिच्याकडं बघितलं. दगडावर धपाधपा वाकळ आपटली, खळबळून काढली. पिळायची वेळ आली तशी पल्लवी दुसरं टोक धरायला न जाता मुद्दाम उंबऱ्यातच थांबली. सुलाबाईनं वाकळेचं टोक दोरीच्या लोखंडी खांबाला वेढा घालून अडकवलं, दुसरं मनगटावर गुंडाळलं आणि पाठ वाकवून पीळ देत गेली. पाणी धारेनं पडलं.

एकटीनं!

पल्लवीला एकदम रडूच आलं. इतके दिवस उगाच भ्यालो आपण. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या डोळ्यापुढं कॅनॉलचा तो काठ आला. उघडा, सिमेंटचा, ना खांब ना झाड.

“आत्ती, हे कोर्टात का न्हाई सांगितलं?”

“वकील म्हनला, ईचारल्याबिगर तोंड उघडू नगंस.”

“आन् तिथं वाकळंचं टोक कशाला अडकवलं हुतं? तिथं तर खांब न्हाई.”

सुलाबाईचे हात थांबले. पीळ हळूहळू उलगडत गेला. “कवाचं उकरून काढतीस गं? सुटले न्हवं मी?” ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं. “सुटले, पर कुनी पोर मांडीवर देत न्हाई. तू तर तिला माझ्या सावलीलाबी हुबी करत न्हाईस. मी काय आंधळी हाय व्हय?”

पल्लवीला वाटलं, जाऊन त्या ओल्या हातांना हात लावावा. पाय उचलेना. म्हातारी खरंच सांगत असेल तर हे केवढं पाप. आणि नसेल तर?

सुलाबाई उठली. उरलेल्या दोन वाकळा तिनं पाटीत भरल्या. “ह्या हितं हुत न्हाईत. येते मी जाऊन.” पाटी डोक्यावर घेऊन ती फाटकाशी पोचली, तिथंच मागं वळून उभी राहिली.

तेवढ्यात शिवांजली चप्पल हातात घेऊन पळत आली आणि आईच्या ओच्याला लोंबकळली.

“आई, आज्जी एकटीच चाललीया. मी जाऊ तिच्यासंगं?”