कर्ण्याचं पोट

पेंढाकाकांनी काचपेटीचं कुलूप काढलं, हात बाहीला पुसले आणि पेंढा भरलेला कर्णा पक्षी फांदीसकट बाहेर काढला.

"श्वाससुद्धा जपून सोड," ते भाचीला म्हणाले. "याची कातडी ओल्या कागदासारखी असते."

संग्रहालयातल्या पक्ष्यांमध्ये पेंढा भरण्यात त्यांची सदतीस वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव बायकोही विसरली असेल, अशी थट्टा चाले. भाची याच दालनात लहानाची मोठी झाली. माणसाची चाहूल लागली की कर्णा पाठ फिरवून बसतो, रंगीत पोट लपवतो, हे तिला सहाव्या वर्षीच पाठ होतं. पक्ष्यांचं खूळ तिच्या डोक्यात मामांनीच भरलं, तेही पेंढ्यासारखं ठासून.

तिनं भिंग काढलं. हा कर्णा साठ वर्षांपूर्वी ज्या डोंगरावरून आणला, तिथली झाडं आता तोडायला निघाली होती. यंदा तिथं तिनं दोनदा कर्ण्याची शीळ ऐकली. पक्षी मात्र दिसला नाही. तिथल्या कर्ण्याचं पोट लाल नसून नारिंगी असतं, असं म्हातारे सांगत. तो वेगळ्या जातीचा ठरला तर तोड थांबणार होती. सोमवारी सुनावणी होती, आणि दाखवायला हा एकच पुरावा. मामांना तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. आधी खात्री करून मग त्यांना खूश करायचं होतं.

"पोट तर लालभडक आहे, मामा."

"असणारच. उजेडानं पार विटलं होतं. चित्र समोर ठेवून मीच रंगवलं. अजूनही दर दोन वर्षांनी हात फिरवतो."

तिनं चिमट्यानं पंख हलकेच उचलला. उजेड जिथं कधी पोचला नव्हता, तिथंही तोच लाल.

"अर्धवट काम मला जमत नाही," काका अभिमानानं म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "काय झालं गं?"

तिनं सगळं सांगितलं. काका स्टुलावर बसले.

"वरचा रंग स्पिरिटनं काढता येईल?" तिनं विचारलं. "खाली मूळचा असेल ना?"

"रंगवायच्या आधी मी स्पिरिटनंच पुसून घेतलं होतं," ते म्हणाले. "कापसाचा बोळा नारिंगी झाला. मला वाटलं, केवढा मळ साचलाय."

तिनं भिंग डबीत ठेवलं. डबीचं झाकण दोनदा चुकलं.

"मी येतो सोमवारी. सांगतो त्यांना, बोळा मी डोळ्यांनी पाहिलाय."

"तुमचं कोण ऐकणार, मामा? तुम्ही माझे मामा."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. जाताना तिनं नेहमीसारखा वाकून नमस्कार केला.

दालन उघडायची वेळ झाली होती. लोकांना पोट दिसावं म्हणून इतकी वर्षं कर्णा काचेकडे तोंड करून बसवलेला होता. काकांनी तो पेटीत ठेवला आणि फांदी फिरवली. तपकिरी पाठ काचेकडे आली. मग त्यांनी कुलूप लावलं.